वेगळी स्मोकिंग रूम आणि दणकट एक्झॉस्ट लावून भागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. खाली रेस्टॉरंट आणि वर पब, अशी दोन मजली जागा तयार होते आहे. एका भागीदाराचं म्हणणं, सरसकट धूम्रपानबंदी केली तर रात्रीचं गिऱ्हाईक तुटेल. त्यापेक्षा वर काचेची स्मोकिंग रूम करू, दणकट एक्झॉस्ट लावू, हॉलमध्ये हवा शुद्ध करणारी यंत्रं बसवू. दुसऱ्याला पूर्ण बंदी हवी आहे. तांत्रिकदृष्ट्या बरोबर कोण, आणि धंद्याचं काय होतं?

दुसरा भागीदार बरोबर आहे. मी पंचवीस-सव्वीस वर्षं हॉटेलं, बार आणि सभागृहांच्या एसी-व्हेंटिलेशनचं काम करतोय, आणि त्यातली निम्मी वर्षं स्मोकिंग रूम बसवून पैसे कमावले आहेत. म्हणजे हे मत माझ्याच पोटावर पाय देणारं आहे. म्हणून कारणं जरा सविस्तर लिहितो.

पहिला गोंधळ एसीचा. ‘फुल एसी आहे, धूर राहणारच नाही’ हे मला आजवर इतक्यांनी सांगितलंय की आता हसूही येत नाही. भिंतीवरचा किंवा छतातला साधा एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि पुन्हा खोलीत सोडतो. धूर असेल तर थंड धूर मिळतो, एवढंच. हवा बदलायची तर बाहेरची ताजी हवा आत आणणारी आणि आतली बाहेर फेकणारी स्वतंत्र यंत्रणा लागते. ती बऱ्याच ठिकाणी नसते, आणि असली तरी वीजबिलापायी बंद ठेवलेली असते.

एका बारमधला छतातला एसी उघडला होता, ते चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. ग्रिल काढली तर जाळी दिसेना, नुसता तपकिरी नमदा बसलेला. जाळी बादलीत बुडवली आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. आत कॉइलच्या पातळ पत्र्यांवर चिकट थर होता. बोट लावलं की बोटाबरोबर तार सुटत होती. शेजारच्या भिंतीवरची मोठी तसबीर माझ्या हाताखालच्या पोराने शिडीला जागा करायला उतरवली, तर मागे स्वच्छ पांढरा चौकोन. बाकीची भिंत फिकट पिवळी. मालक बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिले. म्हणाले, ‘मला वाटत होतं रंगच असा दिलाय.’

आता हिशेब. हा कागद-पेन्सिलीवर होतो, म्हणून पूर्णच मांडतो.

सिगारेटचा धूर म्हटलं की ओढणाऱ्याच्या तोंडातून निघणारा झोत आपल्याला दिसतो. पण दोन झुरक्यांच्या मधे सिगारेट हातात किंवा ॲशट्रेवर जळत असते, आणि खोलीत पसरणाऱ्या धुराचा मोठा भाग त्या पेटत्या टोकाचा असतो. हे जळणं कमी तापमानाला होतं, म्हणून अर्धवट जळलेली रसायनं त्यात जास्त, आणि ना सिगारेटचं फिल्टर मधे, ना कुणाचं फुप्फुस. एका सिगारेटमधून साधारण १० ते १४ मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेत जातात. आपण १२ धरू.

हॉल १० मीटर बाय १० मीटर, उंची ३ मीटर. म्हणजे ३०० घनमीटर हवा. आत साठेक माणसं, आणि सगळे मिळून तासाला २० सिगारेटी. पबसाठी हे फार नाही. २० गुणिले १२, म्हणजे तासाला २४० मिलिग्रॅम, किंवा २,४०,००० मायक्रोग्रॅम कण. यंत्रणा चांगली आहे असं समजू, तासाला दहा वेळा पूर्ण हवा बदलणारी. म्हणजे तासाला ३,००० घनमीटर ताजी हवा. भागाकार करा: दर घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम, आणि तेही बाहेरच्या हवेत जे काही असेल त्याच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली चोवीस तासांच्या सरासरीसाठी दिलेली मर्यादा १५ आहे. वेटरची पाळी आठ-दहा तासांची असते आणि ती आठवड्यातून सहा दिवस असते.

बरं, मग हवा वाढवू. बाहेरच्या हवेतले कणही धरायचे आहेत, म्हणून ८० चे समजा ५ करायचे तर तासाला ४८,००० घनमीटर हवा लागेल. म्हणजे अख्ख्या हॉलची हवा तासाला १६० वेळा, दर साडेबावीस सेकंदाला एकदा, बदलायची. टेबलावर कागदी रुमाल राहणार नाही, मेनूकार्ड उडेल, आणि आवाजात ऑर्डर ऐकू येणार नाही. शिवाय पंख्याचा एक नियम आहे जो मालकांना पटवायला मला नेहमी जड जातं: त्याच डक्टमधून, म्हणजे हवेच्या पत्र्याच्या नळीतून, दुप्पट हवा ढकलायची तर वीज दुप्पट नाही, आठपट लागते. आणि बाहेर फेकलेली प्रत्येक घनमीटर हवा तुम्ही पैसे देऊन थंड केलेली असते.

हा सगळा हिशेब धूर खोलीत एकसारखा मिसळतो असं धरून आहे. तसं होत नाही. ओढणाऱ्याच्या बाजूच्या खुर्चीवर प्रमाण सरासरीच्या कितीतरी वर जातं, आणि ॲशट्रे उचलणारा माणूस नेमका तिथेच वाकतो.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांबद्दल. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, हे खरंच आहे. पण तो आकडा फिल्टरमधून गेलेल्या हवेचा आहे, तुमच्या टेबलावरच्या हवेचा नाही. धूर आधी माणसाच्या नाकाशी जातो, मग सावकाश यंत्रापर्यंत पोचतो. आणि कण हा धुराचा निम्माच विषय. बेंझीन, फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलिन, निकोटिनची वाफ हे सगळं हेपातून सरळ पार होतं. त्यासाठी कोळशाचा फिल्टर लावतात, तो गजबजलेल्या पबमध्ये लवकर भरतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर तो जवळजवळ अडवतच नाही. ओझोन सोडणाऱ्या यंत्रांच्या वाटेला तर जाऊच नका. ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रासदायक आहे. वास गेला म्हणजे धूर गेला, या समजुतीवर या यंत्रांची निम्मी विक्री होते. त्यात थोडी मीही केली आहे.

आमच्या धंद्याचं व्हेंटिलेशनचं मानक ठरवणारी अमेरिकेतली अभियंत्यांची संस्था म्हणजे ॲश्रे. तिने २००५ साली लेखी भूमिका घेतली की इमारतीच्या आत धुरापासून होणारा आरोग्याचा धोका घालवण्याचा परिणामकारक मार्ग एकच, आत धूम्रपान होऊ न देणे. पंख्या-डक्टवर पोट असलेल्यांची संस्था असं म्हणते तेव्हा ऐकावं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालाने तेच आरोग्याच्या बाजूने मांडलं: दुसऱ्याच्या धुराची धोका नसलेली अशी पातळीच नाही, आणि वेगळं बसवणं, हवा गाळणं, व्हेंटिलेशन वाढवणं यांनी धोका पूर्ण जात नाही.

आता स्मोकिंग रूम. पहिल्या भागीदाराचा खरा भरवसा तिच्यावर आहे आणि माझ्या गाठीशी खरा अनुभवही तिचाच आहे.

भारतातल्या कायद्याचं उदाहरण घेऊ. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने ३० किंवा जास्त आसनांच्या रेस्टॉरंटला वेगळ्या जागेची मुभा ठेवली, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत ती जागा कशी असावी ते लिहिलंय: चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं दार, हवा थेट बाहेर, बाकी इमारतीच्या हवेत न मिसळणारी, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. वर्णन अगदी नेमकं आहे. मी स्वतः डिझाइन करताना यात फारशी भर घातली नसती. (तुमच्या ठिकाणी अशी मुभा आहे की नाही ते आधी बघून घ्या. अनेक देशांत ती मुळातच नाही.)

काम पूर्ण झाल्यावर आम्ही एक साधी चाचणी घेतो. दार किंचित उघडायचं आणि फटीशी टिश्यूची पट्टी धरायची. पट्टी आतल्या बाजूला ओढली गेली पाहिजे. म्हणजे हॉलची हवा खोलीत जाते आहे, खोलीची हॉलमध्ये येत नाही. अशीच एक खोली आम्ही हस्तांतरित केली तेव्हा पट्टी छान आत वाकत होती. मालकांना दाखवलं, सही घेतली.

तीन महिन्यांनी शुक्रवारी रात्री मुद्दाम गेलो. दार एका उंच स्टुलाने अडकवून उघडं ठेवलेलं, कारण आतल्यांचा बाहेरच्या मित्रांशी गप्पांचा फड जमला होता. स्टूल काढलं तरी दार मिनिटभर सलग बंद राहत नव्हतं. बिजागरीचं दार उघडतं तेव्हा ते पंपासारखं काम करतं, आणि त्यातून बाहेर येणारा माणूस पाठीमागे हवा ओढत आणतो. शिवाय शेवटचा झुरका घेऊन बाहेर आलेला माणूस पुढचे काही श्वास धूरच सोडत असतो. मी टिश्यूची पट्टी धरली. ती बाहेर वाकली. उलटी! वर जाऊन बघितलं तर एक्झॉस्टचा वेग निम्म्यावर आणलेला. मॅनेजर प्रामाणिकपणे म्हणाला, ‘साहेब, तो पंखा आमचा सगळा गारवा ओढून नेतो, हॉल थंडच होत नाही.’ त्याचं चुकत नव्हतं. कमी दाब ठेवायचा म्हणजे हॉलची थंड हवा सतत त्या खोलीतून बाहेर फेकायची. यंत्रणेचं काम तेच आहे.

आणि त्या खोलीत एक पोरगा ट्रे घेऊन ये-जा करत होता. ग्लास उचलायला, ॲशट्रे पुसायला. ओढणाऱ्यांसाठी ती दहा मिनिटांची खोली होती. त्याची ती पाळी होती.

या पोराशी येऊन माझं मत बदललं. आपण हा वाद नेहमी ओढणारं गिऱ्हाईक विरुद्ध न ओढणारं गिऱ्हाईक असा घालतो. त्यात मग ‘ज्याला चालत नाही त्याने दुसरीकडे जावं’ हे उत्तर ठरलेलंच. बारटेंडर दुसरीकडे जाऊ शकत नाही. गेला तरी तिथेही बारच असतो.

कॅनडात ओटावाला हेदर क्रो नावाची वेट्रेस होती. आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही. चाळीसेक वर्षं धुरकट रेस्टॉरंटांत ट्रे उचलले. २००२ मध्ये तिला फुप्फुसाचा कर्करोग निघाला. उरलेला वेळ तिने देशभर फिरून कामाच्या जागी धूर नको हे सांगण्यात घालवला. मे २००६ मध्ये ती गेली, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला तिच्या ओंटारियो प्रांतात बार-रेस्टॉरंटांसकट बंद जागांतल्या धूम्रपानाला बंदी लागू झाली. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी पबसकट सगळ्या बंदिस्त कामाच्या जागा धूरमुक्त केल्या, असं करणारा तो पहिला देश. तिथेही युक्तिवाद कामगारांच्या आरोग्याचा होता. आरोग्यमंत्री मिहॉल मार्टिन यांच्यावर तेव्हा पबमालक तुटून पडले होते. गिऱ्हाइकाच्या सोयीवर चर्चा नेली असती तर ती आजही चालू असती.

बंदीनंतर काय होतं हे बघायला कॅलिफोर्निया चांगलं आहे. तिथे बारमध्ये १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५३ बारटेंडरांना आधी आणि नंतर तपासलं होतं. आधी ३९ जणांना खोकला, धाप, छातीत घरघर असं काही ना काही होतं. नंतर, अवघ्या एक-दोन महिन्यांत, त्यातल्या २३ जणांची लक्षणं गेलेली होती. संख्या लहान आहे, पण औषध काहीच दिलेलं नव्हतं, फक्त हवा बदलली होती.

हृदयविकाराचे आकडे तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच, म्हणून एक सावधगिरी. अमेरिकेतल्या हेलिना गावात २००२ साली सहा महिने बंदी होती आणि त्या काळात हार्ट ॲटॅकने रुग्णालयात दाखल होणारे रुग्ण ४० टक्क्यांनी घटले, असं सर्रास सांगितलं जातं. अभ्यास खरा आहे, पण गाव छोटं, काळ सहा महिन्यांचा, रुग्ण मोजके. मी तो आकडा वापरत नाही. स्कॉटलंडचा अभ्यास जास्त भक्कम आहे. तिथे २६ मार्च २००६ ला बंदी आली. नऊ रुग्णालयांत तीव्र हृदयविकाराने दाखल होणारे रुग्ण पुढच्या वर्षात १७ टक्क्यांनी कमी झाले, तर तोवर बंदी नसलेल्या इंग्लंडमध्ये त्याच काळात ४ टक्क्यांनी. आणि या घटीतला ६७ टक्के वाटा न ओढणाऱ्यांचा होता.

‘मग निदान मालकाला निवड करू द्या’ हा तोडगा स्पेनने करून पाहिला. २००६ पासून तिथे १०० चौरस मीटरपेक्षा लहान बार-रेस्टॉरंटांना धूम्रपान चालू ठेवायचं की नाही ते स्वतः ठरवायची मुभा होती. बहुतेकांनी चालू ठेवलं. दुष्टपणा नव्हे, समोरच्याने चालू ठेवलंय तर आपण बंद करून गिऱ्हाईक त्याच्याकडे का पाठवा? मोठ्या ठिकाणांना आत भिंती घालून वेगळी जागा करायची परवानगी होती, त्यासाठी अनेकांनी बांधकामावर खर्च केला. आणि २ जानेवारी २०११ पासून पूर्ण बंदी आली, तो खर्च पाण्यात. ऑस्ट्रियातही अर्धवट नियमांचा घोळ दहा वर्षं चालला आणि १ नोव्हेंबर २०१९ ला पूर्ण बंदीवर येऊन थांबला. त्या पहिल्या भागीदाराला मी आरोग्यावरून पटवू शकलो नाही तर निदान हे सांगा: नियम सैलाकडून कडकाकडे सरकत आले आहेत, आणि काचेची खोली नंतर गोदाम म्हणूनही धड वापरता येत नाही. वास जात नाही.

धंद्याचं. न्यूयॉर्क शहरात मायकेल ब्लूमबर्ग महापौर असताना ३० मार्च २००३ पासून बारमध्ये बंदी लागू झाली. शहराच्या एक वर्षानंतरच्या आढाव्यात बार-रेस्टॉरंटांकडून मिळणारा कर ८.७ टक्क्यांनी वाढलेला होता आणि नोकऱ्याही वाढल्या होत्या. ही वाढ बंदीमुळे झाली असं मी म्हणणार नाही. शहर त्या वेळी मंदीतून वर येत होतं. पण धंदा कोसळला नाही हे नक्की. २००३ मध्ये अशा ९७ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात नीट बेतलेल्या अभ्यासांपैकी कुठल्याही अभ्यासात नुकसान दिसलं नाही. नुकसान दाखवणारे बहुतेक ‘तुम्हाला काय वाटतं’ असं मालकांना विचारून केलेले होते, आणि त्यांच्यामागे तंबाखू उद्योगाचा पैसा होता.

तरी सगळं गोड आहे असं नाही. ज्या जागी जेवण नाही, फक्त पिणं आहे, आणि ठरलेले दहा-पंधरा जण रोज त्याच खुर्चीवर येतात, तिथे चटका बसतो. ब्रिटनमध्ये असे बरेच पब बंद झाले. त्यात बंदीचा वाटा किती आणि सुपरमार्केटातली स्वस्त बिअर, वाढता कर आणि २००८ ची मंदी यांचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे, कारण पब त्याआधीपासूनच बंद पडत होते. तुमच्याकडे खाली रेस्टॉरंट आहे. कुटुंबं येणार, मुलं येणार. तुमचं गणित त्या कोपऱ्यातल्या पबचं नाही.

अंमलबजावणीची भीती लोकांना फार वाटते. माझ्या अनुभवात पूर्ण बंदी पाळून घेणं अर्धवट बंदीपेक्षा सोपं जातं. ‘इथे चालतं, तिथे चालत नाही’ म्हटलं की दर टेबलाशी वाद. ‘आत कुठेच नाही’ म्हटलं की वाद संपतो. काही बारीक गोष्टी मात्र उपयोगी पडतात. आतल्या सगळ्या ॲशट्रे उचला, दिखाव्यापुरतीसुद्धा ठेवू नका; समोर ॲशट्रे असली की हात खिशात जातो. कर्मचाऱ्याला उपदेश करायला लावू नका. ‘साहेब, दंड आम्हाला बसतो, बाहेर जागा केलेली आहे, तुमचा ग्लास मी सांभाळतो’ एवढं वाक्य पुरतं. यातला ग्लासाचा भाग महत्त्वाचा आहे, माणूस उठत नाही तो बहुतेक वेळा खुर्ची आणि ग्लास जाईल म्हणून. आणि जे नियम कर्मचाऱ्यांनी सांगायचे ते मालकाच्या मित्रांनाही लागू हवेत. एकदा मालकाच्या टेबलावर धूर दिसला की त्या रात्रीपुरती बंदी संपलीच.

बाहेरच्या जागेवर मी डिझाइनरने सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं म्हणतो, कारण चुका तिथेच होतात. लोक दाराशी उभे राहतात, दार उघडतं, धूर आत. सगळ्यात वाईट म्हणजे ताजी हवा खेचणारी ग्रिल नेमकी त्यांच्या डोक्यावर. मी एका ठिकाणी ही ग्रिल चार दिवस शोधत होतो. पहिल्या मजल्यावर धुराचा वास येतो म्हणून तक्रार, आणि तिथे कुणीच ओढत नाही. खाली मागच्या गल्लीत कर्मचाऱ्यांची सिगारेटची जागा होती आणि बरोब्बर वर आमची हवा खेचायची जाळी. जाळी माझ्याच नकाशाप्रमाणे बसवली होती. तर बाहेरची जागा दार, खिडक्या आणि ग्रिल यांच्यापासून दूर, आणि खरोखर उघडी हवी. तीन बाजूंनी ताडपत्री आणि वर छप्पर टाकलं की ती पुन्हा खोलीच होते. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून लागू झालेल्या कायद्यात यासाठी सोपा नियम आहे: छप्पर आहे आणि भिंतींचा निम्मा भागही कायमचा उघडा नाही, तर ती जागा बंदिस्तच धरायची, दारं-खिडक्या उघड्या म्हणून धरायच्या नाहीत. कायदा कुठलाही असो, नकाशा काढताना हा निकष वापरा.

खरोखर उघड्यावर धूर लवकर विरतो, त्यामुळे पबच्या बागेतल्या बंदीसाठी मी फार भांडणार नाही. ब्रिटिश सरकारने २०२४ मध्ये तोही विचार केला होता आणि नोव्हेंबरमध्ये सोडून दिला. बाहेर खरा त्रास आवाजाचा आणि थोटकांचा होतो. थोटकाचा फिल्टर एक प्रकारच्या प्लास्टिकचाच असतो, लवकर कुजत नाही, गटार तुंबवतो. वाळू भरलेली जड कुंडी ठेवा, आणि रात्री दहानंतर एक माणूस तिकडे लक्ष द्यायला. आयर्लंडमध्ये बंदीनंतर पबबाहेर सिगारेट ओढता ओढता जुळणाऱ्या ओळखींना ‘स्मर्टिंग’ (स्मोकिंग आणि फ्लर्टिंग मिळून) असा शब्दच रूढ झाला, तेव्हा बाहेर पाठवलं म्हणून लोक रुसून जातात असं समजू नका.

हुक्का आणि ई-सिगारेटबद्दल एकच. ‘हर्बल आहे, तंबाखू नाही’ म्हणून हुक्का आत घेऊ नका. कोळसा तोच असतो, आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड त्याचाच होतो. ई-सिगारेटही आत नको. एकाच्या तोंडातून ढग निघाला की दुसरा लायटर काढतो.

जागा नवी आहे की जुना बार घेऊन बदलताय, ते कळलं नाही. जुना असेल तर उद्घाटनाच्या आधी थोडा खर्च धरा. धूर पडद्यांत, सोफ्याच्या फोममध्ये, छताच्या टाइल्समध्ये मुरलेला असतो आणि महिनोन्महिने सुटत राहतो. पडदे, फोम आणि टाइल्स बदला. भिंतींवर सरळ रंग मारू नका, आधी धुवा आणि सीलर लावा, नाहीतर पिवळे डाग वर येतात. कॉइल रसायनाने धुवा, डक्टच्या आतलं अस्तर चिकट झालं असेल तर काढून टाका. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण बंदीनंतर महिन्याभरात याच कामासाठी मला फोन येतात: धूर गेला की इतके दिवस त्याच्याखाली दबलेले सगळे वास वर येतात. सांडलेली बिअर, स्वच्छतागृह, नाचणाऱ्यांचा घाम. स्वच्छतागृहाचा एक्झॉस्ट वेगळा ठेवा, हॉलच्या डक्टला जोडू नका, आणि बारच्या मागच्या मोरीला पाणी धरून ठेवणारा ट्रॅप आहे ना ते प्लंबरकडून स्वतःसमोर तपासून घ्या.